पालथा पेला

वरच्या घराला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे, माझ्या उशाखाली. तरी सकाळच्या कॉफीची वेळ झाली की वर स्टीलचा पेला पालथा घातल्याचा आवाज येतो. टक. एकदाच. सूनबाई म्हणते, "मामा, पाइपातली हवा असेल." असेल बापडी. ती शिकलेली, मी चौथीत शाळा सोडलेला, मला पाइपातलं काय कळतं? पण तो आवाज मी इतकी वर्षं ऐकला आहे की झोपेतसुद्धा ओळखीन, आणि पाइप पेला पालथा घालत नाही एवढं मला कळतं.

पेला पालथा घालणारे ते गोविंदराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं मी सांगणार नाही आणि कुणी विचारायलाही येऊ नये. येऊन गेले पुष्कळ. दारातनंच परत पाठवले.

मी मूळचा खानापूरकडचा. आमच्याकडची अर्धी गावं सोनंचांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, त्यात मी पोरवयात मद्रासला आलो. आता चेन्नई म्हणतात. दुकान मुलगा बघतो, मी एग्मोरला स्टेशनमागच्या गल्लीत तळमजल्यावर बसून असतो. माझ्या डोक्यावर गोविंदराव राहायचे. विमा कचेरीतून निवृत्त झालेले, बायको आधीच गेलेली, एकटे. तंजावरकडचे मराठी. यांचे पूर्वज राजांच्या मागून इकडे आले ते इकडचेच झाले. पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "यावें, बसावें. कॉफी घेतां न्हवे?" मला वाटलं, हा माणूस पोथी वाचतोय. मी दोन वाक्यं बोललो तर त्यांनी कपाळाला आठी घातली. म्हणाले, "तुमची मराठी फार धांवते. थोडी बसवा तिला."

मी म्हटलं, "अहो, मराठी आमच्या गावातली. तुम्ही नेलीत ती उसनी."

"नेली ती आम्ही जपली. तुम्ही तिकडे खर्च करून टाकली."

अशी आमची ओळख. मी आठवडाभर त्यांच्याकडे गेलो नाही. मग कॉफीचा वास जिन्यावरून खाली आला आणि गेलो.

त्यांची कॉफी म्हणजे इथल्या रीतीची, पेला आणि खाली खोलगट डबरा. ओठ न लावता वरून प्यायची. संपली की गोविंदराव पेला डबऱ्यात पालथा घालायचे. तिथल्या तिथे, शेवटचा घोट गळ्याखाली उतरायच्या आत. माझाही घालायचे. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी सायकलच्या साखळीत सापडून वाकडी झाली होती, ती पेला उलटा करताना बाजूला उभी राहायची. मी एकदा विचारलं, हे काय? तर म्हणाले, "आईनें सांगितलें होतें. रिकामा पेला उघडा ठेवला तर कोणी तरी पितें."

"कोण?"

"तें तिनें सांगितलें नाही."

"मग याला आधार काय?" मी विचारलं. मुद्दामच विचारलं. कारण तो त्यांचा शब्द.

आधार काय. दिवसातून पन्नास वेळा. भाजीवाली म्हणाली पाऊस येणार, तर आधार काय? डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, तर आधार काय? मी एकदा रंगात येऊन सांगत होतो, आमच्या आज्यानं मेंढरांवर आलेला लांडगा एका काठीत लोळवला. गोविंदराव शांतपणे म्हणाले, "कोणी पाहिलें?" मी म्हटलं, "आज्यानं." तर म्हणाले, "ते घरचेच. बाहेरचा कोणी?" मी म्हटलं, "लांडगा!" आणि उठून खाली आलो. आज्याचा अपमान मी कुणाचाही खपवून घेत नाही. पण त्या माणसानं पेल्याच्या गोष्टीला मात्र जन्मात आधार मागितला नाही. मी हे तोंडावर बोललो तेव्हा हसले आणि म्हणाले, "एवढें एक आईसाठी सोडलें आहे."

तर असल्या माणसाला निवृत्तीनंतर त्याच्या जोगं काम मिळालं. इंटरनेटवर एक ज्ञानकोश असतो. कुणीही त्यात लिहावं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं खोडावं. मला ऐकूनच हसू आलं. भट्टीवर कुणीही येऊन फुंकर मारावी असा धंदा. पण गोविंदराव म्हणाले, त्यालाच नियम आहे. छापून आलेला आधार असेल तर ओळ राहते, नसेल तर जाते. आणि ओळी घालवायला यांच्यासारखे लोक बसलेले असतात, फुकट. ते तमिळमधल्या ज्ञानकोशात बसायचे. खिडकीपाशी टेबल, टेबलावर लॅपटॉप, शेजारी पेला. मी समोरच्या वेताच्या खुर्चीत. ते तमिळ वाचायचे आणि मला मराठीत सांगायचे. मला तमिळ बोलता येतं, भांडताही येतं, वाचता येत नाही.

सगळ्यात जास्त मारामारी एका पानावर चालायची. निळल नावाच्या माणसाचं पान. निळल म्हणजे तमिळमध्ये सावली. हा माणूस व्हिडिओ टाकायचा आणि चेहरा कधी दाखवायचा नाही. एक टेबल, त्यावर दोन हात, कॉफीचा पेला, आणि आवाज. आवाज हळू, पण ऐकताना मानेवरचे केस उभे राहावेत असा. तो नावं घ्यायचा. अमक्या कंत्राटदारानं वाळू चोरली, तमक्या डॉक्टरनं खोटं ऑपरेशन केलं. कित्येकदा खरं निघायचं. लाखो लोक त्याला देवासारखं मानायचे, आणि तितकेच त्याच्या नावानं बोटं मोडायचे.

भांडण पहिल्या ओळीचंच. निळल कोण? त्याची माणसं लिहायची, "दीनांचा कैवारी." दुसरे येऊन लिहायचे, "खंडणीखोर." गोविंदराव दोन्ही खोडायचे आणि लिहायचे, "चेहरा न दाखवतां आरोपांचे व्हिडिओ प्रसारित करणारी व्यक्ती." मग दोन्हीकडचे मिळून यांच्यावर. पानाच्या मागे चर्चेची जागा असते, तिथं शिव्या. एकानं लिहिलं, "तात्ता," म्हणजे आजोबा, "कोणाचे पैसे खाता?" यांनी उत्तर दिलं, "कॉफी पितों. आधार द्या." दुसऱ्यानं लिहिलं, "आजोबा, झोपा आता." यांनी लिहिलं, "दुपारीं झोपतों. आधार द्या." मला ही करमणूक फार आवडायची. तमिळमध्ये असं तोडून बोललेलं आणखी झोंबतं.

पण एक परिच्छेद होता त्यावर ते हसायचे नाहीत. अंबत्तूरच्या एका शाळेतल्या बाईंचा. निळलनं सांगितलं होतं की या बाई मुलांच्या दुपारच्या जेवणाचं धान्य बाहेर विकतात. लोकांनी शाळेच्या भिंतीवर डांबर फासलं. बाईंच्या घरासमोर तांदळाचं रिकामं पोतं टांगलं. पुढे चौकशी झाली, काहीच निघालं नाही, बाई निर्दोष. तोवर त्या नोकरी सोडून गेल्या होत्या. हे वर्तमानपत्रात आलेलं. निळलची माणसं हा परिच्छेद रोज खोडायची आणि गोविंदराव रोज परत लावायचे. देवाला फूल वाहावं तसं. एकदा मी म्हटलं, "सोडा हो, बाई काय हे वाचायला बसल्यात?" तर म्हणाले, "बसल्या असतील तर?"

मग एक दिवस मी पेला पाहिला.

निळलचा नवा व्हिडिओ आला होता आणि गोविंदरावांनी तो लावला होता. बोलणं संपलं. लोक एवढं झालं की पुढे जातात, मी म्हातारा, मला घाई कसली, मी बघत राहिलो. तर पडदा काळा व्हायच्या आधी, डोळा मिटावा एवढ्यात, त्या हातांनी पेला उचलला आणि डबऱ्यात पालथा घातला. टक.

मी खुर्चीत पुढे सरकलो. मी म्हटलं, "अहो, हा तर तुमच्यासारखं—"

गोविंदरावांनी लॅपटॉप मिटला. बाहेर गाडीची घोषणा चालली होती, ती संपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वितळलेली बांगडी परत ओळखतां येते का हो?"

मी म्हटलं, "नाही. गाळलेल्या सोन्याला ओळख राहत नाही. कुणाच्या हातातलं, कुणाच्या घरातलं, काही नाही. म्हणून तर चोर आमच्याकडे येतात."

"तेंच," ते म्हणाले.

त्या दिवशी मला कळलं की त्यांना मुलगा आहे. राघव. कॉलेजात होता तेव्हा गोविंदरावांच्या आईच्या सोन्याच्या बांगड्या घरातून गेल्या. राघव सगळ्यांच्या देखत म्हणाला, थोरल्या काकांनी नेल्या, मी त्यांना बांगड्यांसकट गाळणाऱ्याच्या दुकानात पाहिलं. घर भरलेलं होतं, आई होती, भाऊ होता. गोविंदरावांनी पोराला विचारलं, "आधार काय?" पोरगा म्हणाला, "मी पाहिलें." हे म्हणाले, "पाहणें हा आधार न्हवे." पोरगा उठून बाहेर गेला. पुढे शिकून सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, मग ते सोडलं, मग फोन बंद. आणि थोरल्या भावानं मरताना यांचा हात धरून सांगितलं, बांगड्या मीच नेल्या होत्या रे.

"मग पोराला सांगा की!" मी म्हटलं.

"कुठें सांगूं?" त्यांनी मिटलेल्या लॅपटॉपवर बोट ठेवलं. "तो फक्त इथें आहे."

"निळल राघवच आहे, कशावरून? एका पेल्यावरून?"

गोविंदराव म्हणाले, "तेंच तर न्हवे? आधार नाही."

पुढे कधीतरी सकाळी मी वर गेलो तर ते लॅपटॉपपुढे ताठ बसलेले, कॉफी निवलेली. पानावर कुणीतरी नव्यानं ओळ घातली होती. निळलचं खरं नाव राघव. जन्म एग्मोर. आईचं नाव अमुक. सगळं बरोबर, आईच्या माहेरच्या नावासकट. लिहिणारा कोण ते कळायला मार्ग नाही, आधाराची जागा रिकामी.

ते मला ओळ वाचून दाखवत होते आणि त्यांचं बोट त्या नावावर होतं. मला वाटलं, हा म्हातारा आता रडणार. त्यांनी ओळ खोडली. कारणाच्या जागी लिहिलं, "आधार नाही."

दुसऱ्या दिवशी ओळ परत आली. सोबत एक शब्द जास्त, चर्चेच्या जागी. "मीच."

त्यांनी परत खोडली.

माझं डोकं फिरलं. मी खुर्चीतून उठलो आणि ओरडलो. "अहो, पोरगं दारात उभं आहे! नाव सांगतंय! आणि तुम्ही त्याला कागद मागताय? बाप आहात का कचेरी?"

"हळूं बोला."

"नाही बोलत हळू. आमच्याकडे मेलेलं माणूस दारात आलं तरी पाणी देतात."

मग ते बोलले, पण मला नव्हे, खिडकीला. "नांव राहिलें तर लोक संध्याकाळपर्यंत त्याला शोधून त्याचे पाय मोडतील. तें एक. आणि त्याच्यासाठीं नियम वांकवला, तर उद्यां बाईंचा परिच्छेद कोणत्या तोंडानें राखूं? मीं त्याला माझ्या घरांत आधार मागितला. परक्या बाईसाठीं तर त्याच्याकडे मागायलाच हवा न्हवे?"

मी खाली आलो. मला पटलं नव्हतं. आजही पटत नाही. पण पुढचा व्हिडिओ आला तो आम्ही दोघांनी मिळून पाहिला. निळलनं त्या दिवशी कुणाचंच नाव घेतलं नाही. म्हणाला, "एक माणूस मला रोज सकाळी पुसून टाकतो. कॉफी पिऊन झाली की पुसतो. आता त्याचा पेला पालथा आहे."

आम्ही दोघांनी एकदमच टेबलाकडे पाहिलं. पेला पालथा होता.

मी उठून खिडकी लावली. गोविंदराव म्हणाले, "उघडी राहूं दे." मी परत उघडली.

यानंतर एक बातमीदार मुलगी आली. गोड बोलणारी, कुणाच्याही घरात शिरेल अशी. म्हणाली, ज्ञानकोश सांभाळणाऱ्या आजोबांवर लिहायचंय. गोविंदराव खूश झाले. मनुष्य आहे, कौतुक कुणाला नको असतं? तिला कॉफी दिली, नियम समजावून सांगितले. ती मोबाइलवर चित्र घेत होती. त्यांनी सवयीनं स्वतःचा पेला पालथा घातला, मग तिचा. तिचं बोलणं मध्येच थांबलं. मी बघत होतो. तिनं पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. मग घाईनं आभार मानून गेली.

जे मी पाहिलं होतं तेच तिनं पाहिलं होतं. फक्त मला त्यात मुलगा दिसला आणि तिला स्वतः गोविंदरावच निळल दिसले. दोन दिवसांत एका बातम्यांच्या साइटवर आलं: निळल सापडला, एग्मोरमधला सत्तरी उलटलेला निवृत्त कारकून, आपलं पान आपणच राखत होता. पेल्याची दोन चित्रं शेजारीशेजारी.

आणि त्याच दुपारी ती ओळ पानावर चढली. निळल म्हणजे गोविंदराव. आधारासकट.

मी वर धावलो. माझे गुडघे धावायचे नाहीत, तरी धावलो. "खोडा!"

ते म्हणाले, "आधार आहे."

"खोटा आहे!"

"छापून आलेला आहे. नियम नियम." आणि मग, हे मी कधी विसरणार नाही, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. पुष्कळ दिवसांनी ओझं खाली ठेवल्यासारखं. "राहूं दे. आतां त्याला कोणी शोधणार नाही."

तेव्हापासून समोरच्या शहाळ्याच्या गाडीपाशी माणसं उभी राहू लागली. भर दुपारी. आरडाओरडा नाही, दगड नाही. नुसती उभी, मान वर करून खिडकीकडे बघत. काही मोबाइल धरून, काही हात जोडून. मी बाहेर जाऊन तमिळमध्ये आईबहिणीवरून शिव्या घातल्या तरी हलायची नाहीत, नुसतं माझ्याकडे बघून परत वर बघायची. त्यात एक हेल्मेट घातलेला असायचा. त्याच्याकडे मोबाइल नसायचा. ऊन एवढं की शहाळेवाला डोक्यावर ओला फडका ठेवायचा, पण यानं काच कधी वर केली नाही. मी एकदा त्याच्यापुढे जाऊन म्हटलं, "काय रे, डोकं शिजवतोस का?" काचेत मला माझंच तोंड दिसलं.

जिन्यावर कुणी आलंच तर विचारायचं, "सार, निळल तुम्हीच ना?" गोविंदराव हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "तिथें काय लिहिलें आहे तें वाचा."

मग त्या बाई आल्या.

सकाळची वेळ. मी वरच होतो. दारात मध्यम वयाच्या बाई, फिकी साडी, हातात छत्री. आत न येता तमिळमध्ये म्हणाल्या, "मी अंबत्तूरच्या शाळेत होते." एवढंच. गोविंदराव उभे राहिले. मला वाटलं, आता तरी सांगतील. बाईंना तरी सांगावंच लागेल, मी नव्हे म्हणून. मीच तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मिटलं. मला दटावून गप्प बसवणारा माणूस अजून जन्मला नाही, पण त्या नजरेत दटावणी नव्हती. विनवणी होती.

त्यांनी बाईंना बसवलं. स्वतःच्या हातानं कॉफी करून पुढे ठेवली. बाईंनी हात लावला नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला फक्त चेहरा बघायचा होता. मला वाटायचं, काहीतरी वेगळा असेल. साधाच आहे."

गोविंदरावांनी पेला थोडा पुढे सरकवला.

"माझ्याविषयी बोललात तेव्हा तुमच्याकडे आधार होता?"

सगळं आयुष्य लोकांना हा प्रश्न विचारलेला माणूस. त्याला पहिल्यांदा कुणीतरी विचारला, आणि तोही दुसऱ्याला विचारायचा. त्यांनी हात जोडले. वाकडी करंगळी बाजूला उभी राहिली. म्हणाले, "नव्हता अम्मा. चूक झाली. मला क्षमा करा असंही म्हणायला तोंड नाही."

बाई उठल्या. मग म्हणाल्या, "त्या पानावरचा माझा परिच्छेद रोज कुणीतरी परत लावायचं. मी रोज बघायचे. तो माणूस कोण ते मला कळलं नाही. त्याचा चेहरा बघायला मिळाला असता तर बरं झालं असतं." आणि छत्री घेऊन उतरून गेल्या.

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. का, ते मी सांगणार नाही.

कॉफी टेबलावर तशीच. काठोकाठ. गोविंदरावांनी ती ओतली नाही, पेला पालथा घातला नाही. खिडकी सताड उघडी होती आणि खाली माणसं उभी होती, तो हेल्मेटवालासुद्धा. बाई त्याच्या अगदी शेजारून गेल्या. त्यानं मान वळवून त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहिलं. मग मान परत वर केली.

नंतरच्या व्हिडिओत आवाज नव्हता. टेबल होतं आणि काठोकाठ भरलेला पेला. हात नाहीत, माणूस नाही. कॉफीवर साय धरत होती आणि ती धरताना दिसत होती, इतका वेळ तो व्हिडिओ चालला. निळलची माणसं घाबरली म्हणे. मीही घाबरलो. त्या पेल्याचं आम्हा दोघांशिवाय आणि बाईंशिवाय कुणाला ठाऊक होतं?

गोविंदराव नाही घाबरले. कापडी पिशवीत दोन धोतरं, कॉफीची पूड आणि गाळणं घातलं. गाळणं घेतलं तेव्हा मला कळलं की हे लांब निघाले. किल्ली माझ्या हातात ठेवली.

"कुठं?" मी विचारलं.

"तें सांगितलें तर तुम्हांला कोणी विचारलें की खोटें बोलावें लागेल."

"मी बोलतो खोटं. मला जमतं."

"लांडगा आठवतो," ते म्हणाले आणि हसले. जिन्यापाशी थांबून म्हणाले, "तुमच्या आजोबांनी लोळवला असेल हो." मग उतरून गेले. ऊन डोक्यावर होतं. मी खिडकीतून पाहिलं तर शहाळ्याच्या गाडीपाशी माणसं तशीच मान वर करून उभी. ज्यांना ती बघायला आली होती ते त्यांच्या मधून चालत गेले आणि कुणाची मान खाली आली नाही. सगळी उघड्या खिडकीकडे बघत होती. म्हणजे माझ्याकडे. हेल्मेटवाला मात्र जागेवर नव्हता.

पुढे माणसं पांगली. कुलूप मी लावलं.

आणि मग सूनबाईनं एकदा स्वयंपाकघरातून हाक मारली. "मामा, तुमच्या निळलचा आलाय." तिच्या मोबाइलवर आम्ही दोघांनी पाहिला. तेच टेबल, तेच दोन हात, तरणे. आवाज तोच, पण थकलेला. त्यानं अंबत्तूरच्या बाईंचं नाव घेतलं. म्हणाला, "त्यांनी काही विकलं नाही. मी पाहिलं नव्हतं. ऐकलेलं बोललो." एवढंच बोलला.

सूनबाई पुढे सरकवणार तेवढ्यात मी तिचा हात धरला.

टेबलावर पेले दोन होते. तरण्या हातांनी आपला पेला संपवला आणि तो उघडाच टेबलावर ठेवला. पडद्याच्या कडेकडून एक म्हातारा हात आत आला. करंगळी वाकडी, बाजूला उभी. त्यानं आधी पोराचा पेला पालथा घातला. टक. मग आपला. मग तो हात तिथंच, तरण्या मनगटावर टेकला आणि एक आवाज आला, जुना, सावकाश, बसलेला. "बांगड्या तूं पाहिल्या होत्यास. तेवढें पुरे होतें रे."

पडदा काळा झाला.

त्या एका वाक्यावर अजून पानामागे भांडण चालू आहे, सूनबाई वाचून दाखवते. कुणी म्हणतं मंत्र आहे, कुणी म्हणतं तेलुगू, कुणी म्हणतं खुणेचा शब्द. पहिल्या ओळीत निळल म्हणजे कोण, तर अजून गोविंदरावच, आधारासकट. बाईंच्या परिच्छेदाला एक ओळ जोडली गेली आहे, निळलनं आरोप मागे घेतला म्हणून. ती कुणी खोडत नाही.

सूनबाई चेन्नईतच वाढलेली. आमची धावती मराठी तिला कशीबशी कळते, ही बसलेली तर कळलीच नाही. तिनं मला विचारलं, "मामा, तुमचीच भाषा वाटते. काय म्हणाले ते?"

मी म्हटलं, "पाइपातली हवा असेल." आणि माझा पेला पालथा घातला.